इनासभाऊंची शिल्लक

इनासभाऊंनी कपातला चहा कधी शेवटपर्यंत प्यायलेला मी पाहिला नाही. तळाशी घोटभर राहायचाच. बशीत एक बिस्किट राहायचं, ताटात भाताचा घास राहायचा, आणि साबणाची वडी झिजून चपटी झाली की ती नव्या वडीला चिकटवून टाकायचे, म्हणजे साबण संपला असं त्यांच्या घरी कधी होतच नसे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी डाळिंब्यांची उसळ केली होती. मस्कतमध्ये वाल मिळवून, मोड आणून, एकेक सोलत बसायचं म्हणजे काय काम असतं ते करणारीलाच ठाऊक. गृहस्थ मिटक्या मारत जेवले आणि उठताना वाटीत चमचाभर उसळ तशीच ठेवली. माझं डोकंच फिरलं. "आवडली नाही वाटतं," मी म्हटलं. तर म्हणतात कसे, "वहिनी, आवडली म्हणून तर ठेवली. संपवली असती तर आता पुन्हा कधी, ही काळजी लागली असती."

माणूस वसईचा. रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे पाइप बनवणारी एक फॅक्टरी आहे, तिथे स्टोअरकीपर. ऐन तरुणपणी आले ते डोक्यावरचे केस पांढरे होऊन गळेपर्यंत तिथेच. नवीन असतानाची एक गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. फोरमन एका मशीनचं बेअरिंग मागायला आला आणि यांनी रॅकवरचं शेवटचं बेअरिंग काढून दिलं. दुसऱ्या दिवसापासून ईदची सुट्टी, दुकानं बंद, पोर्ट बंद, आणि नेमकं दुसरं मशीन त्याच बेअरिंगसाठी बसलं. सुट्टी संपेपर्यंत ऑर्डर अडकून पडली. अर्बाब, म्हणजे मालक, स्वतः स्टोअरमध्ये आला आणि त्या रिकाम्या रॅककडे बघत नुसता उभा राहिला. "ओरडला असता तर बरं झालं असतं," इनासभाऊ म्हणायचे. "त्या दिवशी कानाला खडा लावला, वहिनी. शेवटचा पीस इश्यू करायचा नसतो. तो फक्त असण्यासाठी असतो."

अल् घुब्रातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांचा फ्लॅट आमच्या समोरच. मी तिथल्या शाळेत हिंदी शिकवते, नवरा सोहारला स्टीलच्या कारखान्यात, आठवड्याला एकदा घरी येणार. इनासभाऊंची बायको मार्थावहिनी वसईला, म्हाताऱ्या आईला आणि केळीच्या वाडीला सोडून ती इकडे कायमची कधी आलीच नाही. त्यामुळे दाराला दार लागून आम्ही दोघं एकटे संसार करणारे. माझा फ्यूज उडाला, नळ गळाला, गॅसची नळी तडकली की मी समोरची बेल वाजवायची आणि त्यांनी आतून ओरडायचं, "आहे, आहे! थोडं आहे!" इथे जो तो दिवसभर खलास, खलास करत असतो. या माणसाच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. संपलं असेल तरी म्हणणार, "बघतो, मागे असेल."

त्यांच्या स्वयंपाकघरात भांडी कमी आणि फॅक्टरीतून आणलेले निळे प्लास्टिकचे ट्रे जास्त. भिंतीवर ओळीनं लावलेले, प्रत्येकावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी. खिळे, वायसर, बल्ब, सुईदोरा. आणि खिडकीखालची सगळी ओळ औषधांची. ताप, पोट, घसा, दात, कान. इथे अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि डॉक्टर म्हटला की अर्धा दिवस गेला. म्हणून सुट्टीवरून परत येणारा प्रत्येक जण गावच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चार पाकिटं घेऊन येतो. लोणचं, पापड, कोकम आणि घशाच्या गोळ्या. कस्टममध्ये कुणी विचारलं तर "पर्सनल, पर्सनल". त्यातल्या उरलेल्या सगळ्या जमा होत त्या इनासभाऊंकडे. आख्खी बिल्डिंग त्यांना आपला दवाखाना समजायची.

गोळी द्यायची त्यांची पद्धतही स्टोअरकीपरची होती. पुरत्या कधीच द्यायचे नाहीत. "आधी एवढ्या घ्या. बरं वाटलं तर उरलेल्या परत आणून द्या, दुसऱ्याच्या कामाला येतील." लोक आणूनही द्यायचे, आणि भाऊ खूष व्हायचे. "बरं वाटलं ना? मग चार गोळ्या वाचल्या बघा!" स्वतःचंही तेच. त्यांना साखरेचा आजार होता, पायाला काही ना काही होत असे. दोन-तीन दिवस गोळी घ्यायची, लाली गेली की पाकीट परत ट्रेमध्ये. मी त्यांना म्हणायचे, "भाऊ, अहो मार्थावहिनींना कळलं तर तुमचं काही खरं नाही." ते हसायचे. चोरटं हसू, लहान मुलानं लाडू लपवावा तसं.

राणी त्यांच्याकडे आली ती फॅक्टरीच्या गेटवरून. वादीतली कुत्री, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रात मोकाट फिरणारी जात. वाळूसारखा रंग, उभे कान, लांब तंगड्या. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्यांनी पोळीच्या तुकड्यावर वाढवलेली. कंपनीत कुणी मोठा माणूस यायचा होता, म्हणून वरून हुकूम निघाला की कुत्री हटवा. बाकीची कुठे गेली कुणी विचारलं नाही. राणी मात्र स्टोअरच्या रॅकखाली जाऊन बसली आणि इनासभाऊंनी तिला फॅक्टरीच्या पिकअपमध्ये घालून घरी आणलं. बिल्डिंगचा मालक भडकला, वॉचमन भडकला, मीही भडकले. "भाऊ, फ्लॅटमध्ये कुत्रं? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" ते म्हणाले, "एकटीच उरली होती, वहिनी. उरलेल्याला टाकून कसं यायचं?"

कुत्री फार शहाणी होती हो. लिफ्टमध्ये कुणी घाबरणारं असलं की कोपऱ्यात तोंड करून बसायची. माझी मुलगी ईशा, जिला आजीशी फोनवर मराठीत दोन वाक्यं बोलायची तर घाम फुटतो, ती राणीशी मात्र तासन्‌तास मराठीत बोलायची. कारण काय, तर राणी हसत नाही. इनासभाऊ संध्याकाळी कामावरून आले की राणीला घेऊन वादीत जायचे. परत येताना दोघांचे पाय धुळीनं माखलेले आणि दोघांची तोंडं सारखीच प्रसन्न. पुढच्या वर्षी नोकरी संपवून गावी जायचं ठरलं होतं. राणीला विमानानं न्यायचं म्हणून त्यांनी मार्थावहिनीशी फोनवर कडाक्याचं भांडण केलं होतं आणि जिंकलंही होतं. "ती आली नाही तर मीपण येत नाही," असं बायकोला सांगण्याची हिंमत त्या माणसानं आयुष्यात तेवढी एकदाच केली असेल.

वादीतच तिच्या मागच्या पायात काटा मोडला. इथल्या बाभळीचे काटे सुईसारखे लांब असतात. दोन बोटांच्या मधे गळू धरलं, पाय सुजून दुप्पट झाला. तेव्हा मात्र भाऊ तिला लगेच जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, मीच गाडी चालवली. डॉक्टर मैमूना इथलीच ओमानी मुलगी, माझ्या भाचीच्या वयाची, काळा अबाया आणि त्यावर पांढरा कोट. हिंदी फर्डी बोलायची, आमच्या शाळेतल्या मुलांपेक्षा बरी. तिनं गळू कापलं, काटा काढला, धुतलं, बांधलं. मग राणीला वजनाच्या काट्यावर उभी केली आणि वजन बघून गोळ्या लिहिल्या.

"बाबा, ध्यान से सुनो," ती म्हणाली. "खाने के साथ देना. टाइम पे देना. पैर अच्छा दिखे तो भी बंद नहीं करना. पूरा खतम करना, फिर मेरे पास लाना. मैं बोलूँगी तब बंद."

"इन्शाल्ला," इनासभाऊ म्हणाले.

"इन्शाल्ला नहीं बाबा, पक्का," ती म्हणाली, आणि आम्ही हसलो. तेव्हा हसलो.

दोन-तीन दिवसांत सूज उतरली. राणी उड्या मारायला लागली. आणि इनासभाऊंनी, आयुष्यभर जे केलं तेच केलं. उरलेलं पाकीट निळ्या ट्रेमध्ये ठेवलं. ट्रेवर चिठ्ठी लावली, राणी. मला कौतुकानं दाखवलीसुद्धा. "आता पुन्हा कधी लागलं तर घरात माल आहे."

पुन्हा लागलंच. महिन्याभरात पाय परत सुजला. भाऊंनी ट्रेमधल्या गोळ्या दिल्या, सूज उतरली, गोळ्या बंद. पुन्हा सुजला. आता ट्रेमध्ये दोनच उरल्या होत्या, आणि त्या काही द्यायच्या नव्हत्या, तो तर शेवटचा माल. मग त्यांनी "दात" च्या ट्रेमधून कुणाच्या तरी दाढेच्या गोळ्या काढल्या. माणसाच्या. अर्ध्या करून, भाकरीच्या तुकड्यात घालून. कुत्रीचं वजन किती, गोळी कितीची, काही नाही. त्यानंही उतरलं, मग नाही उतरलं, मग सुट्टीवरून आलेल्या एकाकडून आणखी जालीम काहीतरी मिळालं. ते दिल्यावर राणी ओकायला लागली. खाणं सोडलं. डॉक्टरकडे न्या म्हटलं की उत्तर ठरलेलं, "अहो, औषध तर घरात आहे! ती वेगळं काय देणार?" हिवाळाभर हे असं चाललं आणि प्रत्येक वेळी, थोडं बरं दिसलं रे दिसलं की पाकीट परत जागेवर. मला राग यायचा तो या गोष्टीचा, की हा माणूस हे कंजूषपणानं करत नव्हता. राणीसाठीच शिल्लक ठेवत होता. तिच्या उद्यासाठी.

एका शुक्रवारी दार उघडं दिसलं म्हणून मी आत डोकावले. राणी फरशीवर पडलेली, पायाला वास येत होता, आणि भाऊ शेजारी मांडी घालून बसलेले. मला पाहून म्हणाले, "आज शेपटीपण हलवली नाही हो." मी चादर आणली, दोघांनी मिळून तिला चादरीत उचललं आणि गाडीत घातलं. दवाखाना येईपर्यंत मी तोंडाचा पट्टा सोडला होता. काय काय बोलले देव जाणे. ते मागच्या सीटवर राणीचं डोकं मांडीवर घेऊन नुसतं ऐकत होते.

डॉक्टर मैमूनानं पायाचा एक्स-रे काढला. हाडाची कड उंदरानं कुरतडावी तशी दिसत होती, मलासुद्धा कळलं. तिनं पू काढून लॅबला पाठवला आणि राणीला सलाईन लावून ठेवून घेतलं. रिपोर्ट येईपर्यंत भाऊ रोज फॅक्टरीतून थेट तिथे जात आणि पिंजऱ्याच्या जाळीला बोटं लावून बसत. रिपोर्ट आला त्या दिवशी मीही होते. तिनं आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उभी राहिली.

"बाबा, ये सब दवा के नाम हैं," ती कागदावरून बोट फिरवत म्हणाली. "ये काम नहीं करेगी. ये भी नहीं. ये आपने घर में दी थी ना? ये तो बिल्कुल नहीं."

"पहले तो चली थी, डॉक्टर," इनासभाऊ म्हणाले. "दो गोली में पैर उतर जाता था."

"हाँ. दो गोली में कमज़ोर जंतू मर गए. तगड़े वाले बच गए. आपने बंद कर दिया, तो तगड़ों को पूरा घर मिल गया. फिर थोड़ी दी, उन्होंने वो भी सीख ली. हर बार आपने थोड़ा-थोड़ा सिखाया." मग तिचा आवाज उतरला. "मैंने बोला था ना बाबा, पूरा खतम करना."

त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. रडले नाहीत. समजून घेत होते. स्टोअरमध्ये चुकीचा माल गेला की कुठे चुकलं हे मागे मागे जाऊन शोधावं तसे डोळे बारीक करून बसले होते. मग हळूच म्हणाले, "मतलब जो मैंने बचाया, वही उसको लगा."

पाय कापून उपयोग नव्हता. आजार पायाच्या वर चढला होता, रक्तात गेला होता. मी विचारलं, "एकही दवा नहीं बची?" ती जरा घुटमळली. मग तिनं सांगितलं की यादीत खाली एक आहे. ते चालतं असं रिपोर्ट म्हणतो. पण ते माणसांसाठी राखून ठेवलेलं आहे. हॉस्पिटलमध्ये ज्या माणसावर दुसरं काहीच चालत नाही त्याच्यासाठी. जनावरांना आम्ही ते देत नाही. कुत्र्यातले जंतू तेही शिकले आणि उद्या माणसात आले, तर मग माणसासाठी काही राहणार नाही.

मी भडकलेच. मराठीत भाऊंना म्हटलं, "हिला राहू द्या. माझ्या भावाचं ठाण्याला मेडिकल आहे. उद्या रात्रीच्या विमानानं आपल्या बिल्डिंगमधलाच कुणीतरी येतोय. आज फोन केला तर परवा हातात औषध. दुसरा एखादा डॉक्टर टोचेल." मी तेव्हा मनापासून म्हणत होते, आणि मला अजूनही वाटतं की त्या मुक्या जनावरासाठी कुणीही तेच म्हटलं असतं. मैमूनाला मराठी येत नाही, पण ठाणे, मेडिकल, विमान एवढं तिला कळलं असणार. ती म्हणाली, "मैं आपको रोक नहीं सकती, आंटी. मैं नहीं दूँगी, बस. शायद वो बच भी जाए. शायद नहीं."

इनासभाऊ उठून बाहेर बाकावर जाऊन बसले. मी काचेतून पाहत होते. या माणसानं आयुष्यभर सुट्टीवरून येणाऱ्यांकडून काय काय मागवलं होतं! मार्थावहिनीच्या हातचं लोणचं, मशीनचे पट्टे, चर्चच्या सणाच्या मेणबत्त्या. एक फोन करायचा होता फक्त. फोन त्यांनी खिशातून काढला, हातात धरला आणि तसेच बसून राहिले. रस्त्यावरून मुलांची शाळेची बस गेली. शेजारच्या दुकानातला पोरगा चहा ठेवून गेला, तो गार झाला. मग ते आत आले आणि मला म्हणाले, "नको, वहिनी."

"का नको? तुमची राणी आहे ती!"

"म्हणूनच. तो शेवटचा पीस आहे. कुणाच्या तरी बापाला लागेल, पोराला लागेल. मी स्टोअरवाला आहे. रॅकवर तेवढं एकच आहे हे बघून कसा उचलू?"

मी त्यांना नाही नाही ते बोलले. दगड म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग, आता तिचे आणखी हाल नकोत, तिला झोपवा, अशी त्यांनी डॉक्टरला मान हलवून खूण केली आणि आम्ही तिघं राणीच्या पिंजऱ्याशी गेलो. त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं, तिच्या कानाशी वसईच्या बोलीत काहीतरी बोलत होते, मला सगळं कळलं नाही. सुई टोचली तेव्हा तिनं त्यांचा अंगठा चाटला. मग चाटायची थांबली. मैमूना भिंतीकडे तोंड करून हातमोजे काढत राहिली, किती तरी वेळ काढत होती. मी बाहेर येऊन गाडीत बसले आणि हमसून हमसून रडले. मला कुत्री आवडत नाहीत, हे मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले आहे.

त्यानंतरच्या शुक्रवारी इनासभाऊ बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले. हातात खजुराचा मोठा रिकामा डबा. बेल वाजवायची आणि म्हणायचं, "मी तुम्हाला दिलेल्या गोळ्या परत द्या." लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला गरज पडली. कुणी दिल्या. कुणी म्हणालं, "अहो भाऊ, राहू द्या की, पोराचा घसा नेहमी धरतो." त्यावर ते म्हणायचे, "धरला तर डॉक्टरकडे न्या, आणि तो देईल ते संपवा." वरच्या मजल्यावरचा एक जण हसला, "काय भाऊ, कुत्रीपायी एवढं?" ते दारातून हलले नाहीत. पाकीट हातात पडेपर्यंत मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी स्वतःच्या खिडकीखालचे ट्रेही डब्यात उपडे केले आणि डबा उचलून फार्मसीत नेऊन दिला, नष्ट करायला. परत आले तेव्हा थकलेले दिसत होते. मी चहा केला. त्यातला घोटभर त्यांनी नेहमीसारखाच तळाशी ठेवला. सवय कुठे जाते!

थोड्याच महिन्यांत ते कायमचे गावी गेले. एअरपोर्टवर मी पोहोचवायला गेले होते. सामान फार नव्हतं. राणीसाठी विमानात न्यायला घेतलेला पिंजरा त्यांनी मैमूनाच्या दवाखान्याला देऊन टाकला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनी, तुम्ही त्या दिवशी मला दगड म्हणालात ते बरोबर होतं. पण दगडालापण आतून लागतं हो." मी त्यांच्या पाठीवर एक धपाटा घातला, दुसरं काय करणार? रडू येत होतं.

गावी गेल्यावर फोन यायचे. केळीच्या वाडीत रमले होते, मार्थावहिनीच्या तक्रारी पुन्हा ऐकायला मिळत होत्या. मग एकदा मार्थावहिनीचाच फोन आला. वाडीत अनवाणी फिरताना टाचेला काहीतरी लागलं होतं, साखरेमुळे त्यांना कळलंच नाही. जखम चिघळली. या वेळी ते लगेच डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरनं दिलेली पहिली औषधं चालली नाहीत, दुसरी चालली नाहीत. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, "याआधी किती वेळा अर्धवट गोळ्या घेतल्या आहेत?" त्यांनी सांगितलं, "साहेब, पूर्ण कधी घेतलीच नाही." मार्थावहिनी हे सांगताना रडत नव्हती, संतापली होती. मला त्या संतापाची ओळख होती.

दोन दिवसांनी हॉस्पिटलमधून ते स्वतः बोलले. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट. "वहिनी, तुम्हाला आठवतं, यादीत खाली एक नाव होतं? मी इथल्या डॉक्टरना नाव विचारलं. तेच आहे. आत्ता माझ्या हातात तेच चढतंय."

मी गॅस बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"राणीला नाही दिलं ते मला देतायत," ते म्हणाले. "रात्रभर त्या बाटलीकडे बघत पडतो. एकेक थेंब पडतो ना, तेव्हा तिच्या तोंडाकडे बघितल्यासारखं वाटतं. माझं एक काम करा. त्या मैमूनाकडे जा. तिला सांगा, तिनं तेव्हा ते दिलं नाही ते बरं केलं. तिच्यासारख्यांनी राखून ठेवलं म्हणून माझ्यापर्यंत पोचलं. पोरीच्या मनाला लागलं असेल, तिला सांगाच. आणि हेही सांगा की या वेळी मी शेवटच्या थेंबापर्यंत घेणार आहे. काही मागे ठेवणार नाही."

"बरे व्हा आणि तुम्हीच फोन करून सांगा तिला," मी म्हटलं.

"नाही, तुम्ही जा. समोर जाऊन सांगा."

मी आज जाते, उद्या जाते करत राहिले, शाळेत परीक्षा होत्या. आणि मार्थावहिनीचा फोन आला. पहाटेच गेले, झोपेतच हृदय थांबलं. ताप उतरला होता, पेज प्यायले होते, सगळ्यांना वाटलं होतं आता सुटले. इतकी वर्षं ज्या माणसाला मी हसले, चिडले, नावं ठेवली, त्याच्यासाठी मी शाळेच्या स्टाफरूममध्ये तोंडावर पदर धरून बसले.

त्याच संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. मैमूना कुणाच्या तरी मांजरीच्या कानात थेंब घालत होती. मला ओळखलं, हात पुसत बाहेर आली. मी तिला सगळं सांगितलं, भाऊंनी सांगितलं होतं तस्सं. हाडकुळी पोर, ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. "बाबा ने ऐसा बोला?" ती म्हणाली. "मैं तो सोचती थी, वो मुझे कभी माफ नहीं करेंगे." मग जरा हसून विचारलं, "अब कैसे हैं? पैर ठीक है?"

मला खोटं बोलता येत नाही. "नहीं रहे, बेटा," मी म्हटलं. "आज सुबह."

ती काउंटरला टेकली. मग, आपण काय विचारतोय हे तिला कळतही नसावं, तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, "दवा पूरी हुई थी?"

मी मान हलवली. मार्थावहिनीनं सांगितलं होतं, आणखी आठवड्याची बाकी होती. खाटेच्या उशाशी न लावलेल्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या होत्या.

"नहीं," मी म्हटलं. "बच गई."